स्तनातील दुर्मीळ सौम्य गाठी : प्रतिमा आणि निदान

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त महिला मंडळाच्या विनंतीवरून दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आरोग्यावर बोलावयास बोलावले म्हणजे वक्त्याने मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार यांपैकी एखादा विषय घ्यावा, असा जणू संकेतच आहे. महिला मंडळाने मला स्तनाच्या गाठींविषयी बोलण्यास सुचविले, याचे मला कौतुक वाटले. आणि विषय कळल्यावरही पुरुषवर्ग सभागृहात बसून राहिला, याचे त्याहून अधिक. कारण गाठ स्त्रीच्या शरीरात असते, परंतु तपासणीला केव्हा जावयाचे, कोठे जावयाचे आणि खर्च किती करावयाचा, हे पुष्कळ घरांत आजही पुरुषच ठरवितात.

मी व्यवसायाने रेडिओलॉजिस्ट आहे; म्हणजे औषध न देणारी, शस्त्रक्रिया न करणारी, प्रतिमा पाहून मत देणारी डॉक्टर. कर्करोगावर व्याख्याने पुष्कळ होतात आणि ती झालीच पाहिजेत. भारतीय स्त्रियांत आज सर्वाधिक आढळणारा कर्करोग स्तनाचाच आहे. परंतु मी आज ज्या गाठींविषयी बोलणार आहे त्या कर्करोगाच्या नाहीत. त्या सौम्य आहेत, विरळा आढळतात, आणि त्यांतील कित्येक हुबेहूब कर्करोगासारख्या दिसतात. विषय असा आडवाटेचा का निवडला, असे आपणांस वाटेल. त्याचे कारण असे की स्त्रीचे नुकसान होते ते बहुधा याच आडवाटेवर. गाठ कर्करोगासारखी दिसली म्हणून पुरावा हाती येण्यापूर्वीच मोठी शस्त्रक्रिया होते. किंवा निरुपद्रवी वाटली म्हणून चार-सहा महिने लेप, शेक आणि गोळ्या यांत जातात. दोन्ही ठिकाणी चूक एकच असते. गाठीला तिचे नाव विचारलेले नसते.

प्रथम नेहमीच्या गाठींविषयी थोडक्यात सांगते, कारण त्या आपणांपैकी अनेकींना ठाऊक आहेत. तरुण मुलींत आढळणारी, बोटाखालून निसटणारी फायब्रोअ‍ॅडिनोमाची गाठ आणि चाळिशीच्या आसपास आढळणारी पाण्याची गाठ, म्हणजे सिस्ट, या दोन मिळून सौम्य गाठींचा फार मोठा हिस्सा व्यापतात. हाताला लागणाऱ्या गाठींपैकी बहुतांश सौम्यच असतात. हे वाक्य दिलासा देणारे आहे, पण ते सर्व स्त्रियांच्या समूहाविषयीचे आहे. आपल्या स्वतःच्या गाठीविषयी ते काहीही सांगत नाही, एवढे ध्यानात असावे.

आता आम्ही पाहतो कसे ते सांगते. बर्लिनमधील शल्यचिकित्सक आल्बर्ट सालोमोन यांनी १९१३ साली शस्त्रक्रियेने काढलेल्या सुमारे ३००० स्तनांची क्ष-किरण चित्रे घेऊन ती प्रत्यक्ष रोगाशी ताडून पाहिली. मॅमोग्राफीचा आरंभ तेथे झाला असे मानतात. क्ष-किरणांच्या चित्रात चरबी काळसर दिसते, ग्रंथी व तंतूंचा भाग पांढरा दिसतो आणि बहुतेक गाठीही पांढऱ्याच दिसतात. तरुण वयात स्तनात ग्रंथी अधिक, म्हणून चित्र बरेचसे पांढरे. पांढऱ्यात पांढरे शोधणे अवघड. यास्तव तिशीच्या आतील स्त्रीला गाठ लागली तर आम्ही प्रथम सोनोग्राफी करतो आणि चाळिशीनंतर प्रथम मॅमोग्राफी, जोडीला सोनोग्राफी. मधल्या वयात डॉक्टर परिस्थिती पाहून ठरवितात. सोनोग्राफी म्हटले की आपल्या समाजात गर्भारपणच आठवते, आणि पोट नसून छाती तपासावयाची आहे हे ऐकून काही भगिनी गोंधळतात. पण ध्वनिलहरींना अवयवाचे काय! गाठ पाण्याची की भरीव, तिची कड गुळगुळीत की खडबडीत, ती त्वचेला समांतर पसरली आहे की उभी रुतली आहे, हे त्या चांगले सांगतात. अमेरिकेतील थॉमस स्टाव्ह्रोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७५० भरीव गाठींचा अभ्यास करून १९९५ साली सौम्य व घातक गाठींची ही लक्षणे मांडली. त्यांपैकी बहुतेक आम्ही अजून वापरतो.

मॅमोग्राफीत किरणोत्सर्ग होतो, याची भीती बऱ्याच जणी बोलून दाखवितात. दोन्ही स्तनांच्या तपासणीत मिळणारी मात्रा सुमारे ०.४ मिलिसीव्हर्ट असते. निसर्गतः जमिनीतून व आकाशातून आपणांस वर्षभरात जगाच्या सरासरीने सुमारे २.४ मिलिसीव्हर्ट मिळतच असते. म्हणजे दोन महिन्यांच्या नैसर्गिक मात्रेएवढीच ही भर. स्तन दाबला जातो त्याने काही क्षण दुखते, हे मात्र खरे आहे, आणि ते मी लपवीत नाही.

अहवालाच्या शेवटी ‘बाय-रॅड्स’ असे लिहून एक आकडा दिलेला असतो. ही अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीची पद्धत असून ती १९९३ पासून प्रचारात आली. १ म्हणजे काही आढळले नाही; २ म्हणजे आढळले ते निश्चित सौम्य; ३ म्हणजे बहुधा सौम्य, घातक असण्याची शक्यता शेकडा २ हून अधिक नाही, म्हणून सहा महिन्यांनी पुन्हा पाहावयाचे. ४ म्हणजे संशय, तुकडा तपासावा. ५ म्हणजे संशय फार बळकट, शेकडा ९५ वा अधिक. शून्य आला तर तो उत्तम गुण नव्हे. माहिती अपुरी आहे, आणखी चित्रे हवीत, एवढाच त्याचा अर्थ. चार या आकड्याविषयी विशेष सांगावयाचे आहे. त्याच्या पोटात शेकडा २ पासून ९५ पर्यंतची सारी शक्यता सामावलेली आहे. ‘चार आला’ म्हणून घरात रडारड सुरू करणे आणि ‘पाच तर नाही ना’ म्हणून कागद कपाटात ठेवणे, दोन्ही सारखेच अनाठायी. चार म्हणजे सुईची तपासणी करा, एवढेच.

ज्या दुर्मीळ गाठी चित्रावरूनच स्वतःची ओळख देतात त्या आधी घेते. त्यांची खूण एकच : कड स्पष्ट असलेल्या गाठीच्या आत चरबी दिसली, की ती गाठ जवळजवळ नेहमीच सौम्य असते. लायपोमा ही तर निव्वळ चरबीचीच गाठ. हॅमार्टोमा म्हणजे ग्रंथी, तंतू आणि चरबी हे स्तनाचेच घटक वेगळ्या प्रमाणात एकत्र येऊन पातळ आवरणात गुंडाळले जाणे. स्तनात आणखी एक छोटा स्तन असावा तसे. परदेशी पाठ्यपुस्तके तिला एका मांसाहारी पदार्थाच्या कापाची उपमा देतात. मी विद्यार्थ्यांना अळूवडीच्या कापाची देते : वळणावळणाने एकात एक बसलेले काळे-पांढरे थर. चातुर्मास नसल्याने ही उपमा येथे चालून जाईल अशी आशा आहे. अशी गाठ हाताला कितीही मोठी लागो, चित्र स्पष्ट असेल तर तिला सुईही लावावी लागत नाही.

बाळंतिणीला किंवा अंगावरचे दूध नुकतेच सुटलेल्या स्त्रीला दुधाची नळी तुंबून गॅलेक्टोसील नावाची गाठ होते. न ढवळलेल्या दुधात स्निग्धांश वर येतो आणि पाणी खाली राहते, तसेच या गाठीत होते. उभ्या स्थितीत बाजूने घेतलेल्या मॅमोग्राममध्ये वर काळी चरबी, खाली पांढरा द्रव आणि मध्ये सरळ आडवी रेघ दिसते. सुईने दूध निघाले की निदानही झाले आणि पुष्कळदा उपचारही. येथे घरातील वडीलधाऱ्यांना एक सांगणे आहे. अंगावर पाजणाऱ्या आईची सोनोग्राफी आणि गरजेप्रमाणे मॅमोग्राफीही करता येते. त्यासाठी बाळाचे दूध तोडावे लागत नाही. आणि ‘दुधाचीच गाठ असेल’ हे घरी बसून ठरवावयाचे नसते, कारण गर्भारपणात आणि बाळंतपणानंतरही कर्करोग होऊ शकतो व नेमका त्याच काळात तो दुधाच्या नावाखाली दडून राहतो.

यापुढे रस्ता अवघड होतो. स्तनाला मार लागला, शस्त्रक्रिया झाली किंवा किरणोपचार झाले, तर तेथील चरबी मरते. त्याला चरबीचे निर्जीवन म्हणू. गाडीतील पट्ट्याचा झटका, लोकलच्या गर्दीतील कोपर, मांडीवरच्या मुलाची लाथ, काहीही पुरते. आणि मार बसल्याचे पुष्कळ जणींना आठवतही नाही. मेलेली चरबी वितळून तेलाची पुटकुळी बनली आणि तिच्याभोवती अंड्याच्या कवचासारखा चुन्याचा पातळ थर बसला, तर ओळखणे सोपे. परंतु शरीराने तेथे व्रण धरला तर तीच गाठ कठीण लागते, त्वचेला आत ओढते आणि चित्रात काटेरी दिसते. कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या भगिनीला जुन्या जागी अशी गाठ लागली, म्हणजे तिच्या मनाचे काय होत असेल हे मी वेगळे सांगावयास नको. अशा वेळी जुनी चित्रे शेजारी ठेवून पाहणे आणि शंका उरल्यास सुईने तुकडा घेणे, याला पर्याय नाही.

अशाच सोंगाड्या गाठी आणखी काही आहेत. रशियन विकृतिशास्त्रज्ञ अब्रिकोसॉव्ह यांनी १९२६ साली वर्णिलेला ग्रॅन्युलर सेल ट्यूमर मज्जातंतूंच्या आवरणपेशींपासून उद्भवतो. तो जवळजवळ नेहमी सौम्य असतो, परंतु चित्रात कर्करोगाशी त्याचे साम्य इतके, की केवळ चित्रावरून कोणीही शहाण्या माणसाने मत देऊ नये. छातीच्या स्नायूंजवळ होणारी फायब्रोमॅटोसिस शरीरात अन्यत्र पसरत नाही, पण जागच्या जागी मुळे धरते व काढली तरी पुन्हा उद्भवू शकते. रेडियल स्कार हा बहुधा हातालाही लागत नाही. मॅमोग्राममध्ये ताऱ्यासारखा दिसतो. त्यात तुकडा तपासल्यावरही काही वेळा तो भाग पूर्ण काढावा लागतो.

दीर्घकाळ मधुमेह असलेल्या घरांसाठी एक गाठ मुद्दाम सांगते. सोलर व खारदोरी या डॉक्टरांनी १९८४ साली प्रथम तिच्याकडे लक्ष वेधले. मधुमेहजन्य मॅस्टोपॅथी असे तिचे नाव. लहानपणापासून किंवा तरुणपणापासून इन्शुलिन घेणाऱ्या स्त्रियांत ती विशेषतः आढळते. पुष्कळदा त्यांच्या डोळ्यांवर किंवा मूत्रपिंडांवरही मधुमेहाचा परिणाम झालेला असतो. गाठ दगडासारखी कठीण, कडा अस्पष्ट, आणि सोनोग्राफीत तिच्यामागे गडद काळी सावली. पाहणाऱ्याच्या छातीत धस्स व्हावे असे हे चित्र. बारीक सुईने पेशी शोषून घ्यावयास गेले तर पेशीच हाती येत नाहीत, कारण आत सारे घट्ट तंतू असतात. जाड सुईचा तुकडा मात्र उत्तर देतो. उत्तर मिळाल्यावर ही गाठ कापून काढण्याची घाई करू नये. काढली तरी ती पुन्हा होते, कधी दुसऱ्या बाजूलाही होते. मधुमेहाची हकीकत रेडिओलॉजिस्टला कोणी सांगितलीच नाही, तर हे निदान त्याच्या मनात येणारही नाही. आम्ही अर्जावर ‘स्तनात गाठ’ एवढेच वाचतो. म्हणून आपले आजार, औषधे, मार, बाळंतपणे हे सर्व आम्हांलाही सांगत चला. चित्र काढणाऱ्याला हकीकत कशाला, असा समज आहे. तो सोडून द्यावा.

आता ज्या विकाराविषयी मला सर्वांत अधिक बोलावयाचे आहे तो घेते. त्याचे नाव ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस. केसलर व वोलोक यांनी १९७२ साली त्याचे वेगळे वर्णन केले. पंचविशी-तिशीतील स्त्री, शेवटचे बाळंतपण होऊन दोन-चार वर्षे झालेली, एका स्तनात अचानक कठीण गाठ, वरची त्वचा लाल, काही आठवड्यांत पू, मग त्वचेला छिद्र पडून वाहणे, एक भरते न भरते तोच दुसरे. काखेतील गाठीही सुजतात. सोनोग्राफीत अनियमित काळसर भाग आणि त्यातून बोटांसारख्या नळ्या फुटलेल्या दिसतात. कर्करोगही असा दिसू शकतो, साधा गळूही, आणि आपल्या देशात क्षयरोगही.

स्तनाचा क्षयरोग ही काही नवी गोष्ट नव्हे. लंडनचे शल्यचिकित्सक सर अ‍ॅस्टली कूपर यांनी १८२९ साली त्याचे वर्णन केले आहे. पाश्चात्य देशांत तो आज क्वचितच दिसतो. आपल्याकडे मात्र तो विसरून चालत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही विकारांत ग्रॅन्युलोमा, म्हणजे पेशींचे विशिष्ट पुंजके, दिसतात. क्षयात त्या पुंजक्यांच्या मध्यभागी मृत भाग असण्याचा संभव अधिक. दुसऱ्या विकारात पुंजके दुधाच्या ग्रंथींभोवती बसलेले असतात. पण तुकडा लहान असतो आणि दर वेळी भेद इतका स्वच्छ पडत नाही.

आणि येथे खरा पेच आहे, कारण दोन्हींचे उपचार परस्परविरुद्ध आहेत. क्षयाला किमान सहा महिने क्षयविरोधी औषधे लागतात. ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिसला ती निरुपयोगी आहेत. तो काही रुग्णांत नुसत्या निरीक्षणाखाली, कित्येक महिन्यांनी का होईना, आपोआप शमतो. काहींना स्टिरॉइड किंवा मेथोट्रेक्सेट द्यावे लागते. क्षय असताना स्टिरॉइड एकटेच दिले तर क्षय बळावेल. क्षय नसताना क्षयाची औषधे दिली तर यकृताला त्रास, काही औषधाने दृष्टीला त्रास, आणि वरून घरात ‘हिला टी.बी. आहे’ हा शिक्का. ताट-वाटी वेगळी झालेली, मुलाला आजीकडे पाठविलेली तरुण आई मी पाहिली आहे. वस्तुतः तिच्या गाठीतील तुकड्याची क्षयासाठी एकही तपासणी झालेली नव्हती. तुकडा ‘ग्रॅन्युलोमा’ म्हणून आला आणि तेवढ्यावर औषधे सुरू झाली होती. दुसरी एक भगिनी अशी, की तिच्या गाठीवर तीन वेळा छेद देण्यात आले. प्रत्येक जखम भरण्यास महिने लागले आणि स्तनाचा आकार बिघडला, कारण या विकारात चाकू लागलेली जागा लवकर मिटत नाही.

म्हणून तुकडा काढतानाच तो दोन भागांत द्यावा, हे सांगावयास हवे. एक भाग फॉर्मॅलिनमध्ये पॅथॉलॉजिस्टकडे जातो. दुसरा फॉर्मॅलिनमध्ये न टाकता सलाईनमध्ये सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत जावयास हवा. तेथे क्षयाच्या जंतूंसाठी रंजन, संवर्धन आणि सीबीनॅट ही तपासणी होते. सीबीनॅटचे उत्तर काही तासांत मिळते, संवर्धनाला काही आठवडे लागतात. सारा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये गेला तर जंतू मरतात आणि संवर्धनाचा मार्ग बंद होतो. साध्या जंतूंचेही संवर्धन मागवावे, कारण कॉरिनेबॅक्टेरियम गटातील एका जंतूचा या विकाराच्या एका प्रकाराशी संबंध आढळला आहे. रुग्णाच्या पतीने किंवा भावाने बाटली हाती घेताना ‘डॉक्टर, एक भाग कल्चरला पाठवावयाचा का?’ एवढा प्रश्न विचारला तर कोणत्याही चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येणार नाही.

जाता जाता एक अनपेक्षित पाहुणा. फीतकृमीची अळी मेंदूत जाऊन झटके आणते, हे आपण ऐकले असेल. हीच अळी क्वचित स्तनात किंवा छातीच्या स्नायूत घर करते. सोनोग्राफीत पाण्याची छोटी पुटकुळी आणि तिच्या आत एका कडेला चमकणारा ठिपका, म्हणजे अळीचे डोके, असे तिचे खास चित्र आहे. हे निदान सांगितले की आपल्या समाजातील रुग्ण दुखावतात. ‘आमच्या घरात अंडेसुद्धा येत नाही’, असे म्हणतात. त्यांचे म्हणणे खरे असते आणि निदानही खरे असते. डुकराचे कच्चे-अर्धकच्चे मांस खाणाऱ्याच्या आतड्यात पूर्ण वाढलेला कृमी होतो. पण अळीचा हा विकार होतो तो त्या कृमीची अंडी पोटात गेल्याने. ती अंडी माणसाच्या विष्ठेतून मैलापाण्यावर वाढविलेल्या भाजीवर, पाण्यात किंवा स्वयंपाक करणाऱ्याच्या हातांवर येतात. म्हणून शुद्ध शाकाहारी माणसालाही हा विकार होऊ शकतो, आणि त्यात लाज वाटण्याजोगे काहीही नाही. पाणी उकळून पिण्याची आपली जुनी रीत येथे फार उपयोगी आहे. कच्च्या कोशिंबिरीच्या पानांविषयी मात्र तेवढीच दक्षता हवी. पूर्व विदर्भात हत्तीरोगाचे प्रमाण आहे. तेथून आलेल्या स्त्रीच्या गाठीत सोनोग्राफीच्या पडद्यावर जिवंत कृमी वळवळताना दिसू शकतात. या दोन्ही ठिकाणी औषध पुरते. परंतु मेंदूत अळी आहे का हे पाहिल्याखेरीज फीतकृमीचे औषध आपल्या मनाने घेऊ नये.

आतापर्यंत भयंकर दिसणाऱ्या पण निरुपद्रवी गाठी सांगितल्या. फायलोड्स ट्यूमरची तऱ्हा उलटी आहे. जर्मन शास्त्रज्ञ योहान्नेस म्युलर यांनी १८३८ साली त्याला नाव दिले. सोनोग्राफीत तो फायब्रोअ‍ॅडिनोमासारखाच गुळगुळीत, देखणा दिसतो. बहुतेक फायलोड्स सौम्य असतात, काही नसतात. आणि सौम्य असला तरी अर्धवट काढला तर पुन्हा येतो. पस्तिशी-चाळिशीनंतर नव्याने आलेली, काही महिन्यांत भराभर वाढणारी ‘फायब्रोअ‍ॅडिनोमा’ची गाठ दिसली की आमच्या कपाळाला आठी पडते. बारीक सुईच्या तपासणीने हा भेद भरवशाने कळत नाही. जुन्या अहवालावर विसंबून वाढत्या गाठीकडे दुर्लक्ष करू नये, हे याच गाठीने आम्हांला शिकविले आहे.

बंधूंनो, आपणांकडेही वळते. पुरुषांना स्तनाग्राखाली गाठ येते. ती बहुधा गायनेकोमॅस्टिया असते आणि काही औषधांनी, यकृताच्या विकाराने किंवा वयोमानानेही होते. तिच्यासाठीही मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी याच तपासण्या आहेत. पुरुषांतही स्तनाचा कर्करोग होतो, विरळा होतो, आणि ‘पुरुषाला कसा होईल’ या समजापायी उशिरा कळतो. लाज स्त्रियांचीच मक्तेदारी आहे असे नाही.

सुईचा उल्लेख वारंवार झाला, आणि सभागृहातील शांततेवरून मला कळते आहे की सर्वांच्या मनात एकच प्रश्न आहे. सुई टोचली की कर्करोग पसरतो, ही धारणा खेड्यापासून शहरातील सुशिक्षित घरांपर्यंत सर्वत्र आहे. सुईच्या वाटेवर काही पेशी सरकल्याचे निरीक्षण शास्त्राने नाकारलेले नाही. परंतु त्यामुळे रुग्णांचे आयुष्य घटते असे दिसून आलेले नाही. उलट, निदानाविना केलेली शस्त्रक्रिया पुष्कळदा अपुरी किंवा अनावश्यक ठरते. कोअर बायोप्सीत जागा बधिर करून, सोनोग्राफीच्या देखरेखीखाली, पेन्सिलीच्या शिसाहून बारीक असे दोन-चार तुकडे घेतात. रुग्ण त्याच दिवशी घरी जाते.

पण तुकड्याचा अहवाल हा शेवटचा शब्द नव्हे, आणि हे सामान्यतः कोणी सांगत नाही. हाताने केलेली तपासणी, प्रतिमा आणि तुकडा या तिन्हींचा मेळ बसला पाहिजे. चित्र काटेरी आणि संशयास्पद, पण अहवाल ‘सामान्य स्तनाचा भाग’ असा आला, तर आनंदाने पेढे वाटावयाचे नसतात. सुई गाठीत न जाता शेजारी गेली असेल. तपासणी पुन्हा करावयाची. चित्र संशयास्पद आणि अहवाल ‘मधुमेहजन्य मॅस्टोपॅथी’ किंवा ‘ग्रॅन्युलर सेल ट्यूमर’ असा आला, तर मेळ बसला, कारण या गाठी तशाच दिसतात. म्हणून अहवाल घेऊन पुन्हा रेडिओलॉजिस्टकडे जावे आणि ‘हा आपल्या चित्राशी जुळतो का?’ असे विचारावे. दोन अहवाल दोन वेगळ्या फायलींत पडून राहिले तर तो मेळ कोणी घालायचा?

मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून वस्त्यांमधील १,५१,५३८ स्त्रियांवर दीर्घ अभ्यास केला. वय ३५ ते ६४. अर्ध्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी केवळ हाताने स्तनाची तपासणी करीत. २०२१ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले : पन्नाशीच्या व त्यापुढील स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले; त्याहून कमी वयात तसा लाभ दिसला नाही. यंत्र नाही, सुई नाही, केवळ शिकविलेला हात. महिला मंडळाच्या वार्षिक शिबिरात अशी तपासणी ठेवण्यास फार खर्च येणार नाही, हे विश्वस्तांच्या कानावर घालते.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. लग्नाच्या पत्रिका आणि घराची कागदपत्रे आपण पिढ्यान्‌पिढ्या जपतो. मॅमोग्रामच्या फिल्म मात्र दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जातात. फिल्म, सीडी, सोनोग्राफीची चित्रे, तुकड्याचा अहवाल, आणि जमल्यास प्रयोगशाळेतील ब्लॉक व काचपट्टी कोठे आहे त्याची नोंद, हे सारे एका पिशवीत ठेवून दर तपासणीला बरोबर आणावे. जुने चित्र हाती असले की ‘ही गाठ तीन वर्षांपूर्वीही एवढीच होती’ हे मला एका मिनिटात सांगता येते. नसले, तर त्याच उत्तरासाठी सहा महिने थांबावे लागते किंवा सुई घालावी लागते.

ज्या भगिनींना सर्वांसमक्ष प्रश्न विचारण्याचा संकोच वाटतो, त्यांनी चिठ्ठी लिहून दाराजवळच्या पेटीत टाकावी. नाव लिहिण्याची आवश्यकता नाही.